लॉगबुकातली रिकामी ओळ: ठरावीक वेळेनं चालणारी कामं आणि असिंक टास्क

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलं आहे. कोड ऐकवता येत नाही, म्हणून तो शब्दांतच सांगितला आहे.)

आज सुरुवात नागपूरच्या उन्हापासून करू या.

३० मे २०२४, गुरुवार. रामदासपेठेत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं शेत आहे, तिथे हवामान खात्याचं एक स्वयंचलित केंद्र बसवलेलं आहे. त्या दिवशी त्या केंद्रानं आकडा दिला ५६ अंश सेल्सिअस. सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा होता ५४. आता नागपूरकरांना ऊन काही नवं नाही. मे महिन्यात पंचेचाळीस म्हटलं तर कोणी मान वर करून बघत नाही. पण छप्पन? दुसऱ्या दिवशी देशभर बातमी, सगळ्यांच्या फोनवर तेच. गंमत अशी की त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेच्या आवारातलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र ४४च्या आसपास दाखवत होते. पुढे स्पष्ट झालं की सेन्सरमध्ये बिघाड होता, ते आकडे खरे नव्हते.

मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच आलं. बघा, टायमर चालला होता. वेळ झाली, यंत्रानं सेन्सरला विचारलं, उत्तर आलं, ते पुढे पाठवलं, पुढच्यानं ते दाखवलं. साखळीतल्या प्रत्येकानं आपलं काम वेळेवर केलं. आणि सगळ्यांनी मिळून एक अशक्य आकडा देशभर पोचवला. माणूस मध्ये कुठेच नव्हता.

आजचा विषय हाच. ठरावीक वेळेनं, मागच्या मागे, कोणी न बघता चालणारी कामं. दर पाच मिनिटांनी तापमान घ्या, रोज सकाळी बाजारभाव आणा, रात्री बॅकअप घ्या. आणि ही कामं असिंक टास्क वापरून लिहिताना काय काय घोळ होतात. यातले बहुतेक घोळ मी स्वतः घातलेले आहेत, त्यामुळे अधिकारानं बोलतो.

०२:४० — तर्री-पोह्याचा ठेला

ज्यांना असिंक म्हणजे काय हे पक्कं माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं पुढे जायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी: सकाळी एखाद्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा. माणूस एकच. एका बाजूला तर्री उकळतेय, दुसरीकडे पोहे वाफेवर आहेत, समोर चार गिऱ्हाईकं. तो तर्रीकडे टक लावून उभा राहत नाही. तर्री चढवली की तिला तिच्या कामाला सोडतो, तेवढ्यात दोन प्लेट लावतो, पैसे घेतो, पोह्यांचं झाकण उघडून बघतो. हात दोनच, पण कामं पाच चालू.

पायथनमध्ये हा माणूस म्हणजे इव्हेंट लूप. प्रत्येक काम म्हणजे एक टास्क. आणि टास्कमध्ये जिथे 'अवेट' लिहिलंय, तिथे ती टास्क म्हणते, 'माझं आता उकळतंय, तू दुसरं बघ, झालं की ये.' असिंकआयओ ही लायब्ररी पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबतच येते, आणि 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द २०१५ साली ३.५ मध्ये आले.

आता याच ठेलेवाल्याला मेव्हण्याचा फोन आला आणि तो दहा मिनिटं बोलत बसला तर? तर्री करपते, पोहे गिच्च होतात, गिऱ्हाईक निघून जातं. कोडमध्ये हा फोन म्हणजे साधा, न सोडणारा कॉल. असिंक फंक्शनमध्ये नेहमीची 'टाइम'वाली स्लीप वापरली, किंवा नेहमीची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी वापरून कुठल्या सर्व्हरला विचारलं, की लूप तिथेच अडकतो. बाकीच्या टास्क कितीही शहाण्या असोत, त्यांना पाळीच मिळत नाही. हा फोन लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

०५:१५ — काटोलची गोष्ट

माझ्या मामेभावाचं काटोलकडे छोटं शीतगृह आहे. तीन खोल्या. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, ती थोडी थांबवून एप्रिलमध्ये काढली तर भाव बरा मिळतो. संत्र्याला साधारण सहा-सात अंश लागतात. फार खाली नेलं तर सालीला थंडीचे डाग पडतात, वर गेलं तर बुरशी. बाहेर बेचाळीस आणि आत सात, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला की फार वेळ हातात नसतो.

तिथे एक ऑपरेटर काका होते. दर दोन तासांनी पॅनेलवरचं तापमान बघून लॉगबुकात लिहायचे. रात्रीसुद्धा. मी पुण्याहून सुट्टीला गेलो होतो, मला ते बघवेना. म्हटलं, काय हे, एवढंसं काम यंत्र करेल. एक रास्पबेरी पाय आणला, तीन सेन्सर लावले, आणि संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्राम तयार. तीन खोल्यांच्या तीन टास्क. प्रत्येकीत एक न संपणारा लूप: तापमान वाच, नऊच्या वर असेल तर मोबाईलवर मेसेज टाक, पाच मिनिटं झोप, पुन्हा पहिल्यापासून. सगळे खूश. काकांची रात्रीची झोप वाचली. लॉगबुक कपाटात गेलं.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सकाळी भावाचा फोन. 'दादा, दोन नंबरच्या खोलीतून वास येऊन राहिला. तुह्या मोबाईलवर काही आलं काय?'

मी म्हटलं, 'नाही रे, काहीच नाही.'

'अन् तुहं यंत्र तं चालू दिसते.'

चालू होतं. मी इथून लॉगिन करून पाहिलं, प्रोग्राम सुरू, बाकी दोन खोल्यांचे आकडे येत होते. फक्त दोन नंबरच्या खोलीची टास्क तीन दिवसांपूर्वी मेली होती. आणि ती मेल्यावर दीड दिवसानं त्या खोलीचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता. खोली उघडली तेव्हा आत बावीस अंश. महिनाभर थांबवलेला माल, वरचे क्रेट वाचले, खालचे साठेक क्रेट फेकावे लागले. भाव काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आता हे कसं झालं ते नीट उलगडून सांगतो, कारण ही चूक अगदी साधी आहे आणि आज हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या कोडमध्ये ती असणार.

०८:३० — टास्क मेली, आवाज झाला नाही

सेन्सरची वायर ढिली झाली होती. एकदा, फक्त एकदा, आकड्याऐवजी रिकामा मजकूर आला. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला गेलं की पायथन 'व्हॅल्यू एरर' देतो. ती एरर कोणी पकडली नाही, त्यामुळे लूप तुटला आणि टास्क संपली.

साध्या प्रोग्राममध्ये असं झालं तर सगळा प्रोग्राम लाल अक्षरं दाखवत कोसळतो आणि तुम्हाला कळतं. असिंक टास्कचं तसं नाही. 'क्रिएट टास्क' करून सोडलेली टास्क मेली तर तिची एरर तिच्याच खिशात राहते. कोणीतरी त्या टास्कला 'अवेट' करेल, निकाल विचारेल, तेव्हा ती एरर बाहेर येणार. कोणी विचारलंच नाही तर? तर पायथन एक इशारा छापतो, की टास्कमध्ये एरर आली होती आणि ती कोणी घेतली नाही. पण हा इशारा कधी येतो? ती टास्क मेमरीतून साफ होते तेव्हा.

आणि इथे माझा अभ्यासूपणा नडला. पायथनच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलंय की इव्हेंट लूप टास्कला फक्त कच्चा धागा बांधून ठेवतो. तुम्ही स्वतः ती कुठे साठवून ठेवली नाही, तर चालू टास्क अर्ध्यातच मेमरीतून उडू शकते. म्हणून मी शहाण्यासारख्या तिन्ही टास्क एका लिस्टमध्ये ठेवल्या होत्या. लिस्ट प्रोग्रामभर जिवंत. त्यामुळे मेलेली टास्कही लिस्टमध्ये जपून ठेवलेली, कधी साफ झालीच नाही, म्हणून इशारा कधी छापलाच गेला नाही. एक नियम पाळला आणि त्यानंच दुसऱ्या सूचनेचं तोंड बंद केलं.

दुरुस्ती काय? पहिली: एका फेरीचं काम 'ट्राय-एक्सेप्ट'मध्ये घाला. लक्ष द्या, फेरीचं, आख्ख्या लूपचं नाही. लूपच्या बाहेर 'ट्राय' लावला तर एरर पकडली जाते पण लूप तरीही तुटलेलाच. आत लावला तर ही फेरी वाया जाते, नोंद होते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होतो.

दुसरी: 'एक्सेप्ट' मोकळं सोडू नका, त्यापुढे 'एक्सेप्शन' लिहा. कारण टास्क थांबवायची असते तेव्हा तिच्यात 'कॅन्सल्ड एरर' टाकली जाते. मोकळं 'एक्सेप्ट' तीही गिळतं, आणि मग प्रोग्राम थांबवा म्हटलं तरी थांबत नाही. पायथन ३.८ पासून 'कॅन्सल्ड एरर' वेगळ्या कुळात नेली आहे, त्यामुळे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं की ती आपोआप सुटते.

तिसरी: एरर पकडून नुसती लॉगमध्ये टाकणं म्हणजे ती सतरंजीखाली ढकलणं. एक फेरी चुकली, चालेल. सलग तीन चुकल्या की ती बातमी आहे, मेसेज गेलाच पाहिजे. आणि ज्या चुका तुम्हाला अपेक्षित नव्हत्या, त्यांच्यासाठी पायथन ३.११ मधला 'टास्कग्रुप' वापरा. त्यात एक टास्क कोसळली की बाकीच्याही थांबवल्या जातात आणि एरर बाहेर फेकली जाते. प्रोग्राम आवाज करत पडतो, आणि सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतं. काही लोकांना हे टोकाचं वाटतं, एका खोलीसाठी तिन्ही का बंद करायच्या? मला तरी अर्धवट जिवंत प्रोग्रामपेक्षा धाडकन पडणारा बरा वाटतो. अर्धवट जिवंतनं माझे साठ क्रेट नेले.

१२:०५ — पाच मिनिटं कुठून मोजायची?

बरं, आता घड्याळाकडे येऊ. 'काम कर, पाच मिनिटं झोप' हा लूप पाच मिनिटांनी चालतो असं वाटतं. चालत नाही. वाचणं, नेटवर्कवर पाठवणं यात समजा बारा सेकंद गेले, तर फेरी होते तीनशे बारा सेकंदांची. दिवसाला २८८ फेऱ्या व्हायच्या त्या २७७च्या आसपास होतात, आणि वेळ रोज घसरत जाते.

याचं वाईट वाटून घ्यायचं का, ते कामावर अवलंबून. शीतगृहाला पाच मिनिटांऐवजी सव्वापाच झाली तर काही बिघडत नाही. पण हवामान खात्याचं बघा. आपल्याकडे पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, 'गेल्या चोवीस तासांत' म्हणजे साडेआठ ते साडेआठ. साडेआठच का? कारण तेव्हा जागतिक वेळेनुसार पहाटेचे बरोबर तीन वाजलेले असतात. जगभरच्या वेधशाळा शून्य, तीन, सहा, नऊ अशा ठरलेल्या तासांना एकाच क्षणी निरीक्षण घेतात; आपल्याकडे ते साडेपाच, साडेआठ, साडेअकरा असं पडतं. नागपूरचं निरीक्षण आठ चाळीसला आणि रायपूरचं आठ पंचवीसला झालं तर नकाशा जुळवायचा कसा? तिथे आधीचं काम किती वेळ चाललं याला अर्थ नाही. वेळ घड्याळाला बांधलेली आहे.

असं हवं असेल तर 'पाच मिनिटं झोप' म्हणायचं नाही. पुढची वेळ आधीच ठरवायची: आधीची ठरलेली वेळ अधिक तीनशे सेकंद. मग काम करायचं, आणि ठरलेल्या वेळेला जितकं उरलंय तितकंच झोपायचं. बारा सेकंद कामात गेले तर दोनशे अठ्ठ्याऐंशी झोपायचं.

आता हे उरलेलं मोजायचं कोणत्या घड्याळावर? मी पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ वापरलं, म्हणजे संगणकाची तारीख-वेळ. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलना बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली, आली, की तो कुठेतरी लिहून ठेवलेल्या जुन्या वेळेपासून सुरू होतो, आणि इंटरनेट मिळालं की एकदम खऱ्या वेळेवर उडी मारतो. काटोलला एप्रिलमध्ये वीज किती वेळा जाते हे काटोलवाल्यांना विचारा. दोन तास वीज नव्हती, पाय सुरू झाला, लूप सुरू झाला, मग घड्याळानं दोन तासांची उडी घेतली. लूपला वाटलं, अरे, आपल्या चोवीस फेऱ्या चुकल्या! आणि त्यानं त्या चोवीसही एका दमात मारल्या.

म्हणून दोन गोष्टी. 'दर अमुक मिनिटांनी' मोजायचं असेल तर मोनोटॉनिक घड्याळ वापरा. ते स्टॉपवॉचसारखं असतं, फक्त पुढे जातं, कोणी तारीख बदलली तरी हलत नाही. इव्हेंट लूपचं स्वतःचं घड्याळ तेच वापरतं. 'रोज सकाळी साडेआठला' हवं असेल तर मात्र भिंतीवरचंच घड्याळ लागतं, आणि मग टाइमझोन स्पष्ट लिहा. बहुतेक क्लाउड सर्व्हर जागतिक वेळेवर असतात. तिथे निर्धास्तपणे साडेआठ लिहिलंत तर तुमचा सकाळचा मेसेज नागपुरात दुपारी दोनला, जेवण झाल्यावर येतो.

आणि दुसरी गोष्ट, चुकलेल्या फेऱ्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा. गेलेली एसटी धावून मिळत नाही. दोन वाजताचं तापमान चार वाजता घेता येत नाही. अशा ठिकाणी चुकलेल्या वेळा सोडा, पुढची येणारी वेळ पकडा. पण रोजच्या विक्रीचा हिशेब असेल, तर मंगळवारचा राहिला म्हणून सोडून चालत नाही, तो बुधवारी करावाच लागतो. दोन्ही कामं 'रोज चालणारी' दिसतात, पण एकात सोडणं बरोबर आणि दुसऱ्यात भरून काढणं बरोबर. लायब्ररी हे तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

१६:१० — आधीची फेरी संपलीच नाही तर?

थोडक्यात सांगतो. काही जण दर पाच मिनिटांनी नवी टास्क सुरू करून सोडून देतात, आधीची संपली का बघत नाहीत. नेटवर्क बरं असेपर्यंत छान. मोबाईलचा टॉवर दोन तास बंद पडला की मेसेज पाठवायला थांबलेल्या टास्कची रांग लागते, आणि टॉवर आला की सगळे मेसेज एकदम कोसळतात. त्यापेक्षा लूपमध्येच कामाला 'अवेट' करा, म्हणजे आधीची संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही.

पण मग उलटा धोका येतो. आधीची संपलीच नाही तर? समोरचा सर्व्हर कनेक्शन उघडून नुसता गप्प बसला, तर तुमची टास्क कायमची वाट बघत राहते. एरर नाही, काही नाही. मघाशी मेलेल्या टास्कबद्दल बोललो, ही तर मेलेलीही नाही, वाट बघतेय बिचारी! म्हणून बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या प्रत्येक 'अवेट'ला मुदत द्या. ३.११ पासून 'असिंकआयओ टाइमआउट' आहे, आधीच्यात 'वेट फॉर' आहे. वीस सेकंदांत झालं तर झालं, नाहीतर ही फेरी चुकली.

आणि ठेलेवाल्याचा फोन आठवतोय ना? माझे सेन्सर डीएस१८बी२० जातीचे. पूर्ण अचूकतेनं मोजायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत लागतो, आणि साध्या फाइल-वाचनानं तो आकडा घेतला की तेवढा वेळ सगळा लूप उभा. पाऊण सेकंद म्हणजे किती, असं वाटेल, पण मुदत मोजणाऱ्या टास्कही त्याच लूपवर असतात. असं काम 'टू थ्रेड' वापरून वेगळ्या धाग्यावर पाठवायचं; ३.९ पासून ती सोय आहे.

१८:२० — आकडा आला, पण खरा का?

इथे पुन्हा छप्पन अंश. दुरुस्त केलेला प्रोग्राम लावल्यानंतर आठवड्याभरात पहाटे तीनला मेसेज: एक नंबरच्या खोलीत ८५ अंश. भाव धावत गेला. खोलीत साडेसहा. या सेन्सरची खोडच आहे ती: नुकताच चालू झाला असेल आणि मोजमाप पूर्ण व्हायच्या आत विचारलंत, तर तो ८५ सांगतो. कंपनीनं तसंच ठरवलेलं आहे. वायर हलली, सेन्सर बंद होऊन पुन्हा चालू झाला, ८५. पंच्याऐंशी अंशाला संत्र्यांचा मुरांबा होईल, पण प्रोग्रामला काय माहीत?

त्यामुळे फेरी पूर्ण झाली म्हणजे फेरी यशस्वी झाली असं नाही. आकडा शक्य कोटीतला आहे का, पाच मिनिटांपूर्वीच्या आकड्याशी जुळतो का, शेजारच्या खोलीशी फारकत आहे का, हे बघावं लागतं. उलट बाजूही असते: तोच आकडा, दशांशापर्यंत तोच, सहा तास आला तर सेन्सर गोठलेला आहे, खोली नाही. आणि संशयास्पद आकडा फेकून द्यायचा नाही बरं. तो संशयित म्हणून नोंदवायचा. खरंच आग लागली असेल तर तोही आधी अशक्यच वाटणार.

२०:०० — कपाटातलं लॉगबुक

आता मुख्य गोष्ट. एवढ्या सगळ्या दुरुस्त्या केल्या तरी काटोलचा तो प्रसंग पुन्हा घडू शकला असता. पाय जळला, मेमरी कार्ड गेलं, कोणी प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावला, तर कुठली 'ट्राय-एक्सेप्ट' मदत करणार? मेसेज फक्त वाईट बातमीचा यायचा, त्यामुळे शांतता म्हणजे सगळं ठीक असं आम्ही धरलं. आणि मेलेला प्रोग्रामही शांतच असतो.

मी नंतर काकांचं जुनं लॉगबुक काढून बघितलं. दर दोन तासांची छापील ओळ. एका पानावर पहाटे चारची ओळ रिकामी होती, कधीतरी त्यांचा डोळा लागला असणार. रिकामी, पण दिसत होती! सकाळी मालकानं पान उघडलं की लगेच कळणार, चारला नोंद नाही. माझ्या प्रोग्राममध्ये रिकामी ओळ नव्हतीच. नोंद झाली तर ओळ होती, नाही झाली तर ओळच नाही. काकांच्या कामातला जो भाग मला फालतू वाटला होता, तोच मी काढून टाकला होता.

तर ती ओळ परत आणायची. दोन पद्धती. एक, प्रत्येक ठरलेल्या वेळेसाठी आधी नोंद तयार करा, 'अपेक्षित' म्हणून, आणि आकडा आला की भरा. न भरलेल्या नोंदी शोधणं मग सोपं. दुसरी, आणि ही करायलाच हवी: प्रत्येक यशस्वी फेरीनंतर बाहेरच्या कुठल्यातरी यंत्राला 'झालं' असा ठोका पाठवा. बाहेरच्या, म्हणजे वेगळ्या वीजेवर, वेगळ्या नेटवर. पंधरा मिनिटं ठोका आला नाही की ते बाहेरचं यंत्र ओरडतं. वस्तीत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा असतो ना, त्याची काठी वाजते तोवर आपण झोपतो. आज वाजली नाही म्हटलं की कोणीतरी उठून बघतं. तसं. आणि हा ठोका लूपच्या सुरुवातीला किंवा वेगळ्या टास्कमधून पाठवू नका. मी आधी तेच केलं होतं. ठोक्याची टास्क ठणठणीत, कामाची टास्क मेलेली, आणि बाहेरच्या यंत्राला सगळं छान दिसतंय! ठोका कामाच्या शेवटी, आकडा तपासून झाल्यावर, आणि प्रत्येक खोलीचा वेगळा.

२३:३० — एवढं असिंक लागतंच का?

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता की हे सगळं क्रॉनवर का टाकत नाही. रास्त प्रश्न. क्रॉन हे युनिक्सवरचं सत्तरच्या दशकातलं अवजार आहे आणि दिवसातून एकदा चालणाऱ्या कामाला माझी पहिली पसंती आजही तेच, किंवा सिस्टमडीचा टायमर. दर वेळी नवा प्रोग्राम सुरू होतो, काम करतो, मरतो. मेमरी गळत नाही, मेलेली टास्क मागे राहत नाही. चोवीस तास एक प्रोग्राम जागा ठेवून त्यातली तेवीस तास एकोणसाठ मिनिटं झोपण्यात काय अर्थ?

असिंक तिथे शोभतं, जिथे बरीच छोटी कामं आहेत, वरचेवर आहेत, आणि त्यांना एकमेकांचं माहीत असावं लागतं, जसं शेजारच्या खोलीचा आकडा. पण एक लक्षात ठेवा, असिंक टास्कची सगळी आठवण मेमरीत असते. वीज गेली की वेळापत्रकही गेलं. हिशेबासारखी भरून काढायची कामं असतील, तर शेवटचं यश कधी झालं ते डिस्कवर लिहा आणि सुरू होताना आधी ते वाचा.

जाता जाता थांबवण्याबद्दल. सिस्टमडी प्रोग्राम बंद करताना आधी सौम्य सूचना पाठवतं. ती पकडा, टास्क रद्द करा, आणि त्या संपेपर्यंत 'अवेट' करा. नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल राहते आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच ठेच लागते.

काटोलला सध्या असं आहे: तीन टास्क, एक टास्कग्रुप, प्रत्येक खोलीचा ठोका पुण्यातल्या एका छोट्या सर्व्हरवर. तो सर्व्हरच पडला तर? तेही झालंय एकदा. म्हणून रोज सकाळी साडेआठला भावाच्या आणि माझ्या मोबाईलवर एक मेसेज येतो, काही घडलं नसलं तरी. तिन्ही खोल्यांचे आकडे, आणि काल किती ओळी रिकाम्या राहिल्या ते. पावणेनऊपर्यंत तो आला नाही तर भाव मला फोन करतो. आणि काका दिवसातून दोनदा पॅनेल बघून लॉगबुकात लिहितात. ते बंद करू या का, असं मी पुन्हा विचारलेलं नाही.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.